आधी कोणता पार्ट?

चि. बाळ,


तुझं पत्र वाचून आनंद झाला. व्हेंडर डेव्हलपमेंटचं काम तुझ्याकडे आलं, आणि पहिलाच पुरवठादार भोसरी एमआयडीसीतला. त्याच्याकडून तुमच्या कंपनीत शंभरावर पार्ट येतात. तीन महिन्यांत त्याच्या कामाचा अभ्यास करून सुधारणा सुचवायच्या आहेत. सगळे पार्ट पाहणं शक्य नाही, तर नेमके कोणते घ्यायचे, असं तू विचारलं आहेस. हा प्रश्न तुला सुरुवातीलाच पडला हे फार बरं झालं. असे अभ्यास बहुतेक वेळा निवडीतच फसतात. चुकीचा पार्ट हातात घेतला की पुढे स्टॉपवॉच कितीही काटेकोर चालवलं तरी कारखाना काही कळत नाही.

माझं उत्तर आधीच सांगतो. दोन कसोट्या लाव. पार्ट किती संख्येने बनतो ही पहिली, आणि तो बनवायला किती अवघड आहे ही दुसरी. दोन्हींत जो वरचढ ठरेल तो तुझा मुख्य पार्ट. त्याच्या जोडीला, संख्येने मोठा पण सोपा असा एक, आणि संख्येने लहान पण अवघड असा एक. तीन पार्ट पुरेत. यादी कॉम्प्युटरवर कर, पण शेवटची निवड पुरवठादाराच्या शॉप फ्लोअरवर उभं राहून, मालकांशी बोलूनच कर.

आता हे सविस्तर.

तुमच्या परचेसमध्ये एबीसी यादी तयार मिळेल. ही कल्पना जुनी आहे. इटलीचे अर्थशास्त्रज्ञ विल्फ्रेदो पारेतो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संपत्ती थोड्या हातांत कशी एकवटते ते आकड्यांनी मांडलं. जोसेफ जुरान यांनी तोच विचार गुणवत्तेच्या कामाला लावला, की थोडी कारणं बहुतेक दोष घडवतात. १९५१ मध्ये अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकमधले एच. फोर्ड डिकी यांनी साठ्यातल्या मालाची ए, बी, सी अशी वर्गवारी मांडली. तुझ्या हाती येणारी यादी त्याच घराण्यातली आहे, पण ती रुपयांवर लावलेली असते. तिच्यावर थेट विसंबू नकोस. समज, एखादं मोठं फोर्जिंग पुरवठादार विकत घेतो, त्याला दोन भोकं पाडतो आणि तुमच्याकडे पाठवतो. यादीत हा पार्ट पहिल्या पाचात दिसेल, कारण त्याच्या किमतीत पोलाद आणि फोर्जिंगच बसलेलं आहे. पुरवठादाराच्या हाताचं काम त्यात जेमतेम. अशा पार्टाचा अभ्यास करून तुला त्याच्या कारखान्याबद्दल काय कळणार? रुपयांची यादी तुमच्या खर्चाचं चित्र देते. त्याच्या कामाचं चित्र वेगळं काढावं लागतं.

ते नगांवरून काढायचं का? तिथेही एक पायरी पुढे जा. नगांना यंत्राच्या वेळेने गुण. उदाहरणच घेऊ. समज, या पुरवठादाराचे तीन पार्ट आहेत. एक साधा बुश, महिन्याला ६०,००० नग, एका नगाला २० सेकंद. दुसरा गिअरबॉक्सचा स्प्लाइन शाफ्ट, महिन्याला ८,००० नग, सगळं मशिनिंग मिळून नगाला ९ मिनिटं. तिसरी हायड्रॉलिक व्हॉल्व्ह बॉडी, महिन्याला १५० नग, नगाला ७० मिनिटं. नुसते नग पाहिलेस तर बुशच सगळा कारखाना व्यापून बसलेला दिसेल, शंभरातले अठ्ठ्याऐंशी नग त्याचेच. आता तास काढ. बुशला साधारण ३३३ तास लागतात, शाफ्टला १,२०० आणि व्हॉल्व्ह बॉडीला १७५. म्हणजे यंत्रांचा जवळजवळ ७० टक्के वेळ शाफ्ट खातो. डिस्पॅचच्या दारात उभी राहिलीस तर कारखाना बुशचा वाटतो, मशीनसमोर उभी राहिलीस तर तो शाफ्टचा असतो. हा हिशेब करायला अर्धा दिवस लागेल, पण तो केल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.

संख्या घेताना गेल्या वर्षीचीच घेऊन थांबू नकोस. पुढच्या दोन वर्षांचं शेड्यूल माग. १ एप्रिल २०२० ला आपल्याकडे बीएस-चार जाऊन बीएस-सहा आलं, तेव्हा इंजिन आणि एक्झॉस्टच्या बाजूचे कितीतरी पार्ट बदलले. आता विजेवरच्या गाड्या येत आहेत, आणि त्यांत सहसा आपल्या ओळखीचा गिअरबॉक्सच नसतो. जो पार्ट वर्षभरात बंद होणार, त्याच्यावर तीन महिने घालवून सुधारणा सुचवल्या तर त्या कोणाच्या कामाच्या? उलट, आज महिन्याला ५०० बनणारा एखादा पार्ट नव्या मॉडेलमुळे पुढच्या दिवाळीपर्यंत ५,००० वर जाणार असेल, तर तो आजच्या यादीत खाली असला तरी वर घे.

दुसरी कसोटी अवघडपणाची. इथे लोक ड्रॉइंग पाहून अंदाजाने बोलतात. ड्रॉइंग दाट भरलेलं दिसलं की पार्ट अवघड, असं ठरवतात. तू अंदाज करू नकोस, मोज. प्रत्येक पार्टापुढे सहा गोष्टी लिही. ऑपरेशन किती? सेटिंग किती, म्हणजे जॉब किती वेळा सोडून पुन्हा बांधावा लागतो? काटेकोर मापं किती? जॉबवर्कसाठी गेटबाहेर किती वेळा जातो? माणसाच्या हातावर अवलंबून असलेली कामं किती? आणि तुकडा कापून पाहिल्याशिवाय ज्याचा निकाल पुरता कळत नाही, अशा प्रक्रिया किती, म्हणजे हीट ट्रीटमेंट, वेल्डिंग वगैरे? प्रत्येकाला एक ते तीन गुण दे आणि बेरीज कर. गुणांची पट्टी फार बारीक करत बसू नकोस. सगळ्या पार्टांना एकच पट्टी लागली म्हणजे झालं.

या सहांतला चौथा प्रश्न नवखी माणसं हमखास विसरतात. पार्ट जितक्या वेळा गेटबाहेर जातो तितक्या वेळा तो पुरवठादाराच्या ताब्यातून सुटतो. चलन फाटतं, टेम्पो जातो, लॉट भट्टीवाल्याकडे दुसऱ्यांच्या मालाबरोबर थांबतो आणि परत येतो तेव्हा तोच लॉट पूर्ण आला की नाही हे मोजावं लागतं. लीड टाइम यंत्रावर जितका जातो त्याहून जास्त या येण्याजाण्यात जातो.

अवघडपणा म्हणजे काय हे तुला त्या शाफ्टवरच दाखवतो. २०एमएनसीआर५ किंवा तशाच जातीचं पोलाद. फोर्जिंग येतं, दोन्ही तोंडं फेसिंग करून सेंटर मारतात, सीएनसीवर टर्निंग होतं, स्प्लाइन पाडतात, तेलाचं भोक, बर काढणं, मग कार्बुरायझिंगला बाहेर. भट्टीतून पृष्ठभाग साधारण ५८ ते ६२ एचआरसी कडक होऊन येतो, पण शाफ्ट थोडा वाकूनही येतो. मग स्ट्रेटनिंग. इथे थांबून नीट पाहा. ऑपरेटर शाफ्ट दोन सेंटरमध्ये धरतो, खाली डायल लावतो, हाताने फिरवत उंच जागा शोधतो, खडूने खूण करतो आणि प्रेसचा हलका दाब देतो. पुन्हा फिरवतो, पुन्हा दाब. किती दाबायचं हे त्याच्या हाताला कळतं, कागदावर कुठेच नसतं. जास्त दाबलं तर कडक झालेल्या थराला केसासारखी चीर पडू शकते, म्हणून पुढे चुंबकीय क्रॅक टेस्ट. त्यानंतर ग्राइंडिंग. ग्राइंडिंगलाही शाफ्ट त्याच दोन सेंटरवर बसतो. भट्टीत त्या सेंटरच्या खळग्यात जमलेली काळी पपडी साफ केलेली नसेल, किंवा ट्रॉलीत आपटून खळग्याच्या काठाला मार लागलेला असेल, तर ग्राइंडर कितीही महागाचा असो, रनआउट, म्हणजे फिरताना डगमगणं, येणारच. रिजेक्शनच्या रजिस्टरमध्ये मात्र कारण लिहिलं जाईल ‘ग्राइंडिंग रनआउट’, आणि दोष बिचाऱ्या ग्राइंडिंगच्या ऑपरेटरवर.

बघ, एका शाफ्टच्या मागे चालत गेलीस तर फोर्जिंगचा पुरवठादार, सीएनसी, टूल बदलण्याची शिस्त, ट्रॉल्यांची अवस्था, भट्टीवाल्याशी असलेले संबंध, अनुभवी हातांवरची भिस्त, गेज आणि रजिस्टरची खरी किंमत, असा सगळा कारखाना तुझ्यासमोर उलगडतो. म्हणूनच संख्या आणि अवघडपणा या दोन्हींत मोठा असलेला पार्ट मुख्य म्हणून घ्यायचा. शितावरून भाताची परीक्षा आपण करतोच, पण ते शीत त्याच पातेल्यातलं आणि मधलं असावं लागतं. रोज चालणारा आणि जास्तीत जास्त प्रक्रियांतून जाणारा पार्ट हे ते मधलं शीत.

मग बाकीचे दोन कशाला? कारण शाफ्ट सगळं सांगत नाही. बुश घेतलास तर लहानसहान वेळेची किंमत कळते. नगामागे २ सेकंद वाचले तर ६०,००० नगांवर महिन्याला ३३ तास सुटतात. तिथे तू इन्सर्ट कधी बदलतात ते पाहशील, बार संपल्यावर मशीन किती वेळ थांबतं ते पाहशील, तयार बुश बिनमध्ये एकमेकांवर पडून त्यांच्या कडांना मार लागतो का ते पाहशील. सोप्या पार्टाकडे कोणी लक्ष देत नाही, म्हणून त्याच्यात गोष्टी सांडून राहिलेल्या असतात.

व्हॉल्व्ह बॉडीची परीक्षा निराळी. ती महिन्याला १५०, त्याही २५-२५ च्या लॉटमध्ये. तिच्यावर सीपीके, म्हणजे प्रक्रियेच्या क्षमतेचा आकडा, काढण्याच्या मागे लागू नकोस. पीपीएपीमध्ये, म्हणजे पार्टाला ग्राहकाची मंजुरी घेण्याच्या रीतीत, नमुन्याच्या उत्पादनासाठी सलग किमान ३०० नग धरतात, ग्राहकाने वेगळं ठरवलं नसेल तर. इथे तेवढे नग दोन महिन्यांत होतात, आणि तेही तुकड्यातुकड्याने. अशा पार्टात नग मोजण्यापेक्षा सेटिंग पाहा. आधीच्या पार्टाचा शेवटचा चांगला नग आणि या पार्टाचा पहिला चांगला नग यांच्यामध्ये किती वेळ जातो? फिक्स्चर कुठून काढतात, टूल ऑफसेट कोणाच्या वहीत आहेत, फर्स्ट पीस कोण पास करतं? आणि तो सेटर गावी गेला असला तर त्या आठवड्यात काय होतं? हे कळलं की कारखान्याची खरी ताकद आणि खरा धोका दोन्ही हाती लागतात.

चौथा गट उरतो, संख्येने थोडे आणि बनवायला सोपे. यादीतले बरेचसे नंबर इथेच असतील. ते निर्धास्त सोड. एक अपवाद मात्र पक्का ध्यानात ठेव. ब्रेक किंवा स्टिअरिंगशी संबंध असलेला पार्ट, ज्याच्या मोडण्याने माणसाचा जीव जाऊ शकतो, तो कोणत्याही गटात असो, त्याची तपासणी करायचीच. तो या निवडीचा भाग नाही, ते वेगळं कर्तव्य आहे. ब्रेक पेडलची पिन दिसायला क्षुल्लक असते, महिन्याला हजारभर लागते, पण गुणांची बेरीज कमी आली म्हणून तिला वगळण्याचा अधिकार आपल्याला नाही.

तसंच, कालची तक्रार ही निवडीची कसोटी होऊ देऊ नकोस. असेंब्ली लाइनवरून फोन येईल, अमुक पार्टाचा बर राहिलाय, आधी तेवढं बघ. तक्रारीचा निकाल लावायलाच हवा, त्याची रीत वेगळी आहे आणि ती दोन-चार दिवसांत संपते. अभ्यासाचा पार्ट तक्रारीमागे धावत दर आठवड्याला बदलला, तर तीन महिन्यांनी हाती फक्त विझवलेल्या आगींची यादी राहील.

आता गटांबद्दल. शंभर पार्ट म्हणजे शंभर कहाण्या नव्हेत. एका मोठ्या कागदावर उभे पार्ट आणि आडवी यंत्रं लिही, आणि जो पार्ट जिथून जातो तिथे फुली मार. फुल्यांची रांग सारखी दिसेल ते पार्ट एका घराण्यातले. रिचर्ड म्यूथर यांनी १९६१ मध्ये कारखान्याच्या मांडणीवर लिहिताना वस्तू, संख्या आणि मार्ग यांचा असाच एकत्र विचार केला. माइक रॉदर आणि जॉन शूक यांच्या १९९८ च्या ‘लर्निंग टू सी’ या पुस्तकातही प्रवाहाचा नकाशा काढण्याआधी घराणं ठरवायला हाच तक्ता आहे. तुझा मुख्य पार्ट मोठ्या घराण्यातला असायला हवा. शाफ्टची आणखी बारा भावंडं त्याच मशीनवरून त्याच भट्टीकडे जात असतील, तर सेंटर साफ करण्याची एक सुधारणा तेराही जणांना लागू होते. एकटाच, जगावेगळ्या मार्गाने जाणारा पार्ट कितीही अवघड असला तरी त्याचा धडा त्याच्यापुरताच राहतो.

कसोट्या याच, पण मोजमाप धंद्याप्रमाणे बदलतं. उद्या तुला कोल्हापूरला शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत पाठवलं, तर तिथे सगळे टनांत बोलतील. ब्रेक ड्रम टनाने भरपूर जातो, पण त्याचा साचा साधा. त्याच फाउंड्रीतलं एखादं मॅनिफोल्ड वजनाने हलकं असेल, पण त्यात कोअर असतात, आणि कोअर म्हटलं की वाळू, बाइंडर, वायू बाहेर पडायला ठेवलेल्या वाटा, ओतायच्या धातूचं तापमान, सगळ्यांची परीक्षा एकदम होते. शिवाय आतला ब्लोहोल फाउंड्रीत दिसत नाही, मशिनिंगचा कट घेतल्यावर उघडा पडतो, तोवर कास्टिंग दुसऱ्याच्या दारात गेलेलं असतं. म्हणून तिथे टनाच्या जोडीला कोअरची संख्या मोज, आणि रिजेक्शनचे आकडे मशिन शॉपमधून आण.

हे असं एका जागी खोल जाण्याचं तत्त्व मोठ्या कंपन्यांनीही पाळलं आहे. टोयोटाने अमेरिकेतल्या पुरवठादारांना मदत करायला १९९२ मध्ये केंटकीत एक केंद्र काढलं. त्यांची रीत अशी, की सबंध कारखान्याला हात घालायचा नाही, एक लाइन आदर्श म्हणून घडवायची आणि तिच्यावरून बाकीच्यांनी शिकायचं. होंडाच्या अशाच कामावर जॉन पॉल मॅकडफी आणि सुझन हेल्पर यांनी १९९७ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. ग्राहकाची माणसं परत गेल्यावर पुरवठादार स्वतःच्या बळावर ते काम पुढे नेतो का, हा त्यातला कळीचा प्रश्न. तोच प्रश्न तुझ्या निवडीलाही विचार. हा पार्ट मी निवडला, तर माझ्या पश्चात हे लोक त्यातून शिकलेलं भावंडांवर स्वतः लावू शकतील का? उत्तर नाही असं आलं, तर दुसरा पार्ट बघ.

आणि म्हणूनच मालकांना निवडीत घे. भोसरीतले कितीतरी मालक मोठ्या कारखान्यांत हाताने काम करून, मग एखादं सेकंडहँड लेथ घेऊन उभे राहिलेले आहेत. त्यांना त्यांचा कारखाना तुझ्या एक्सेलपेक्षा जास्त ठाऊक आहे. तू पहिल्यांदा जाशील तेव्हा ते ताकास तूर लागू देणार नाहीत. त्यांचा अनुभव असा असतो, की ग्राहकाचा इंजिनिअर वेळ मोजायला आला म्हणजे सहा महिन्यांनी परचेसवाला दर कमी करायला येतो. ही भीती खोटी नाही. तेव्हा जायच्या आधी तुमच्या वरिष्ठांशी स्पष्ट बोल, की अभ्यासात जे वाचेल त्यातलं किती पुरवठादाराकडे राहणार. ते ठरल्याशिवाय स्टॉपवॉच बाहेर काढू नकोस.

तुझा तक्ता त्यांच्या टेबलावर उलगड आणि विचार, ‘साहेब, माझ्या हिशेबाने हा पार्ट आला, तुम्हाला काय वाटतं?’ ते कदाचित म्हणतील, शाफ्ट बरोबर आहे, पण हा नको, तो दुसरा घ्या, त्याचा स्टेप बारीक आहे, रात्रपाळीत तिथेच मार खातो. असं वाक्य कोणत्याही यादीत सापडत नाही. ते मिळालं की तुझी निवड पक्की झाली समज. मग सेटरशी बोल, ऑपरेटरशी बोल, पॅकिंगच्या मावशींशी बोल. कोणता पार्ट पुसताना हाताला बर लागतो हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसतं. वयाने मोठ्या ऑपरेटरला काका म्हण, आणि तो चालत्या मशीनवर असताना प्रश्न विचारू नकोस.

रात्रपाळीही एकदा पाहा. दिवसा क्वालिटीचा माणूस हजर असतो, सेटर हजर असतो, स्टोअर उघडं असतं. अवघड पार्ट रात्री कसा बनतो, यावर त्याच्या अवघडपणाचा खरा निकाल लागतो. रात्री जाताना मालकांना सांगून जा, धाड घातल्यासारखं नको.

एवढं सगळं झालं म्हणजे आठवडा, दीड आठवडा जाईल. तुमचे साहेब विचारतील, अजून अभ्यास सुरूच झाला नाही का? शांतपणे सांग, की निवड हाच अभ्यासाचा पहिला भाग आहे. घाईने ड्रॉइंगचा पहिला गठ्ठा उचलून कामाला लागणारा तीन महिन्यांनी जाड अहवाल देतो, पण पुरवठादाराच्या दारातून बाहेर पडताना तिथे काहीच बदललेलं नसतं.

माझं एक मागणं आहे. अहवालाच्या पहिल्या पानावर हे तीनच पार्ट का घेतले आणि बाकीचे का सोडले, ते साध्या मराठीत लिही, आणि त्या पानाखाली तुझ्या सहीशेजारी मालकांची सही घे.

तुझा,
काका